आतून पाहावी पर्स

भिवंडीत विणलेलं कापड आपल्या घरात असतंच, पण ते भिवंडीचं आहे हे आपल्याला कळत नाही. मागावरून उतरतं तेव्हा ते कोरं असतं, ना रंग, ना छाप. व्यापारी त्याला ग्रे म्हणतात. गाठी बांधून ते सुरतेला, अहमदाबादला, नाहीतर राजस्थानात पाली-बालोत्र्याला धुलाई-रंगाईसाठी जातं आणि परकराचं पॉपलिन, उशीचा अभ्रा, पँटच्या खिशाचं कापड होऊन परत येतं. बऱ्याचदा अस्तर होऊन येतं. पैठणी येवल्याची, खण गुळेदगुड्डचा, चादर सोलापूरची. अस्तराला मात्र गाव नसतं.

खणाच्या, इरकलीच्या, जुन्या पैठणीच्या पदराच्या पर्स आता घरोघरी शिवल्या जातात. कुणी हौसेनं शिवतं, कुणी बचत गटाच्या स्टॉलवर विकतं. शिकणारीचे हात पहिल्यांदा अडतात ते चेनपाशी. पट्टे, झालर, मोती सगळं जमतं, पण चेन लावली की पर्सचं तोंड लाटांसारखं वरखाली होतं किंवा टोकाशी गठ्ठा जमतो. दोष हाताला दिला जातो. खरं कारण असं, की चेन ताणत नाही आणि आटतही नाही. कापड दोन्ही करतं. या दोघांना एका शिवणीत नांदवायचं, एवढंच हे सगळं कसब. ते समजून घ्यायचं तर सुईच्या आधी मागाकडे पाहावं लागतं.

चंची आणि बटव्याची सोय

चेन यायच्या आधीही आपल्याकडे अस्तराच्या पिशव्या होत्याच. पान-सुपारी, चुना, तंबाखू वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणारी चंची घडी घालून दोरीनं गुंडाळली जाई. बटव्याच्या तोंडाला नेफा असे आणि त्यात दोन बाजूंनी ओवलेले दोन गोंडे. ते विरुद्ध दिशांना ओढले की तोंड मिटलं. दोन्हींना आतून अस्तर असायचं, कारण नाण्यांनी आणि अडकित्त्यानं एकेरी कापड लवकर फाटतं.

बटव्याचं तोंड मिटतं ते चुण्या पडून. कापड थोडं तिरपं कापलं गेलं, एक बाजू दोन सूत मोठी झाली, तरी चुण्या ते पोटात घालतात. चेन असं काही पोटात घालत नाही. ती सरळ रेष आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंचं कापड तेवढंच सरळ आहे की नाही हे ती सगळ्यांसमोर दाखवते. म्हणून उत्तम बटवे शिवणारा हातही पहिल्या चेनला चाचरतो.

दात्यांची गोष्ट

चेनचा आणि शिवणयंत्राचा जन्म एकाच माणसाशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या एलियास हाउ यांनी 1846 साली दुहेरी दोऱ्याच्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. 1851 साली त्यांनी कपडे बंद करणाऱ्या एका साखळीवजा बंदाचंही पेटंट घेतलं, पण शिवणयंत्राच्या धंद्यात आणि खटल्यांत गुंतलेल्या हाउंनी त्याचं पुढे काहीच केलं नाही. 1893 साली व्हिटकॉम्ब जडसन यांनी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात बुटांसाठी हुकांचा बंद मांडला. तो भर रस्त्यात सुटायचा. आज आपण वापरतो ती रचना गिडियन सुंडबॅक या स्वीडिश अभियंत्याची, 1913 सालची. त्यांनी हुक काढून टाकले आणि प्रत्येक दात्याला एका बाजूस उंचवटा, दुसऱ्या बाजूस खळगा दिला. इंचाला चार बंद असायचे तिथे दहा-अकरा दाते आले आणि बंद खरोखर बंद राहू लागला. त्याचं पेटंट 1917 साली मिळालं. पुढे 1934 साली टोकियोत तादाओ योशिदा यांनी सुरू केलेली कंपनी ‘वायकेके’ या तीन अक्षरांनी जगभरच्या रनरवर, म्हणजे चेन उघडमीट करणाऱ्या सरकत्या तुकड्यावर, दिसू लागली.

रनरच्या आत दोन वाटा मिळून एक होते. मधली पाचर दाते अलग करते, बाजूच्या भिंती ते एकमेकांत दाबून बसवतात. चेन नीट लागत नाही तेव्हा बहुधा दाते गेलेले नसतात, रनरच्या भिंती सैल झालेल्या असतात. रनरची मागची बाजू, म्हणजे जिथून मिटलेले दाते बाहेर पडतात ती, पकडीनं हलकेच दाबली तरी काम होतं. न झालं तर नुसता रनर बदलावा. नाक्यावरचा बॅग-छत्री दुरुस्तीवाला हेच करतो. पूर्ण चेन उसवायची वेळ क्वचित येते.

मागावरचं कापड

भिवंडी हे देशातल्या मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक. राज्यात मालेगाव आणि इचलकरंजी तिच्या पंगतीला. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर आणि पद्मानगरातले तेलुगूभाषक पद्मशाली यांनी हे शहर विणलं. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि गिरण्यांचं बरंच काम भिवंडीच्या मागांवर आलं. ते गिरण्यांकडे पूर्णपणे परत गेलं नाही.

पर्स शिवणाऱ्यानं मागाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, ताणा. कापडाचे उभे धागे बीमवर गुंडाळून, ताणून मागावर चढवलेले असतात. बाणा, म्हणजे आडवा धागा, धोट्यातल्या कांडीवरून येतो आणि तेवढा ताणलेला नसतो. म्हणून कापड काठाला समांतर ओढलं तर फारसं हलत नाही, आडवं ओढलं तर थोडं देतं आणि उरेब, म्हणजे तिरपं, ओढलं तर चांगलंच देतं. चेन लागणारी कड शक्यतो ताण्याच्या दिशेनं, म्हणजे काठाला समांतर कापावी. खणाच्या पर्समध्ये काठ तोंडाशी आडवा घेतात तेव्हा हे आपोआप साधतं. नक्षी उभी दिसावी म्हणून खण फिरवला, तर चेनपाशी बाणा येतो. तिथे आतून फ्यूजिंगची पट्टी चिकटवून कड स्थिर करावी. खणात रेशमी किंवा कृत्रिम धागा असतो, म्हणून आधी तुकड्यावर इस्त्री करून पाहावी आणि वरून सुती कापड घेऊनच दाबावं.

दुसरी गोष्ट, खळ. मागावर धागे तुटू नयेत म्हणून सुती ताण्याला सायझिंगमध्ये खळ लावतात. धुलाई-रंगाईत ती निघते, पण प्रक्रियेत पुन्हा ताणलेलं कापड शेवटी कांजीनं कडक करूनही बाजारात येतं. स्वस्त अस्तरात हा कडकपणाच दर्जा वाटतो. पहिल्या धुण्यात कांजी जाते, ताणलेले धागे सैल होतात आणि कापड आटतं. सुती अस्तर शेकडा 3 ते 5 आटलं, तर 10 इंचांच्या तोंडात पाव ते अर्धा इंच गेला. चेनची पट्टी पॉलिएस्टरची, ती तिथल्या तिथेच. मग धुतल्यावर पर्सचं तोंड आखडतं. उपाय साधा आहे: अस्तर कापण्याआधी कोमट पाण्यात तासभर भिजवावं, सावलीत वाळवावं आणि ओलसर असतानाच इस्त्री करावी. भिवंडीत आता पॉलिएस्टरही खूप विणलं जातं. ते अस्तर जवळजवळ आटत नाही, पण निसटतं आणि कडेनं सुटतं. सुटलेला धागा रनरमध्ये गेला की चेन अडते. पहिल्या पर्सला सुती पॉपलिनच बरं.

चेन घेताना

चेन मीटरवर मिळते, रनर सुटे. भुलेश्वर, उल्हासनगर किंवा जवळचं कुठलंही शिवण-साहित्याचं दुकान चालेल. नंबर म्हणजे मिटलेल्या दात्यांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी. छोट्या पाउचला 3 नंबर, रोजच्या पर्सला 5 नंबर. नायलॉनची वळ्यांची चेन शिकायला सोपी: कात्रीनं कापता येते आणि सुई चुकून वळ्यावर पडली तरी मोडत नाही. पितळी दात्यांवर सुई मोडते, म्हणून टोकाचे दाते आधी पकडीनं काढावे लागतात. कापलेल्या टोकातून रनर निसटतो, तेव्हा चेन कापताक्षणी दोन्ही टोकांना दात्यांवरून हातानं पाच-सहा टाके घट्ट घालावेत.

तीन थर, एक टीप

साडेनऊ इंच रुंदीच्या पर्ससाठी बाहेरच्या कापडाचे 10 बाय 7 इंचांचे दोन तुकडे, अस्तराचे तेवढेच दोन, आणि बाहेरच्या कापडाला आतून लावायला फोम किंवा बकरम. हा थर चारही बाजूंनी पाव इंच कमी कापावा, म्हणजे शिवणीत जाडी येत नाही. चेन मात्र कापडापेक्षा इंचभर आखूड, 9 इंच. उरलेली जागा दोन्ही टोकांना कापडाची घडी केलेली छोटी टोपी लावून भरावी, चेन आणि टोप्या मिळून 10 इंच. नवशिक्यांना ही टोपी नुसती शोभा वाटते. पण तिच्यामुळे चेनचं जाड टोक बाजूच्या शिवणीत जात नाही आणि कोपऱ्यातला गठ्ठा टळतो.

आता क्रम. बाहेरचं कापड सुलट बाजू वर करून ठेवा. त्यावर चेन पालथी, म्हणजे रनर खाली, कापडाकडे. त्यावर अस्तर, उलट बाजू वर. तिन्हींच्या वरच्या कडा जुळवा, टाचण्या लावा किंवा धावदोरा घाला. मशीनला चेनचा अरुंद फूट लावा, 14 नंबरची सुई, टाका अडीच ते तीन मिलिमीटर, आणि कडेपासून पाव इंचावर टीप मारा. कापड ओढायचं नाही. मशीनचे खालचे दाते ते पुढे नेतातच, हातानं फक्त दिशा द्यायची. बहुतेक लाटा हात ओढल्यामुळे येतात. रनर आडवा आला की सुई कापडात रुतलेली ठेवून फूट उचला, रनर मागे सरकवा, फूट टाकून पुढे चला. रनरला वळसा घालून गेलेली टीप वरून लगेच कळते.

मग बाहेरचं कापड आणि अस्तर उलटवून चेनच्या एकाच बाजूला आणा आणि सुती कापड मध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा. कडक इस्त्रीनं नायलॉनची वळी वितळतात. आता घडीपासून एका सुतावर वरून दुसरी टीप मारा. ही वरची टीप टाळायचा मोह होतो, कारण पर्स त्याशिवायही दिसायला पुरी वाटते. पण अस्तर चेनपासून दूर धरणारी टीप हीच. ती नसली तर सैल अस्तर आत फुगतं आणि रनर ते चावतो. दुसऱ्या बाजूलाही हाच क्रम.

कोपऱ्यांची कसोटी

पुढे जाण्यापूर्वी चेन निम्मी उघडा. बंद चेनची पर्स शिवली तर ती उलटवता येत नाही. बाहेरचे दोन तुकडे एका बाजूला, अस्तराचे दोन दुसऱ्या बाजूला, सुलट बाजू आत घेऊन जुळवा. चेनची घडी अस्तराकडे झुकवावी, म्हणजे उलटवल्यावर बाहेरचे कोपरे टोकदार येतात. सगळीकडून टीप मारताना अस्तराच्या तळाशी तीन-चार इंच जागा मोकळी सोडा. अस्तराची टीप एक सूत आत घ्या: किंचित लहान अस्तर बाहेरच्या कापडात ताठ बसतं, बरोबरीचं कापलेलं अस्तर आत चुणतं. तळ रुंद हवा असेल तर चारही कोपऱ्यांतून इंचाचे चौकोन कापून बाजूची आणि तळाची शिवण एकमेकींवर आणून आडवी टीप घालावी. मग मोकळ्या जागेतून पर्स उलटवून ती जागा हातानं मिटवावी. जाडीचे थर एकत्र येतात तिथे घरगुती मशीन अडखळतं. तेवढे चार-सहा टाके चाक हातानं फिरवून घातले की सुई वाचते.

विकत घेताना

हे सगळं वाचून मशीनला हात लावायचाच असं नाही. भाऊबीजेला पर्स विकत घेणाऱ्यांनाही याचा उपयोग आहे. दुकानात आपण बाहेरचा काठ आणि रंग पाहतो, तिथे कुणीच कसूर करत नाही. खर्च वाचवला जातो तो आत. तेव्हा पर्स उघडून अस्तर बाहेर ओढा. चेनच्या कडेनं वरची टीप आहे का पाहा. अस्तर दोन बोटांत चोळा, पांढरी भुकटी सुटली तर ती कांजी आहे; पहिल्या धुण्यानंतर अस्तर वेगळंच निघेल. चेनच्या दोन्ही टोकांशी अंगठ्यानं दाबून जाडी बघा, आणि रनर तीन-चार वेळा पुढेमागे फिरवा, विशेषतः शेवटच्या इंचात. या परीक्षेत उतरलेली पर्स शिवणाऱ्या बाईनं दहा रुपये जास्त सांगितले तर घासाघीस करू नये. चेन आणि अस्तर यांचं भांडण मिटवायला तिनं बाहेरच्या सगळ्या नक्षीपेक्षा जास्त वेळ दिलेला असतो.