मुक्त ज्ञानकोश आणि शिरवळचा पुरावा

सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, नीरा नदीच्या काठी वसलेले शिरवळ हे खंडाळा तालुक्यातील जुने गाव होय. गावाजवळ बौद्ध लेणी आहेत. येथील सुभानमंगळ या भुईकोटासाठी १६४८ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे मावळे फत्तेखानाच्या फौजेशी लढले. आज त्या कोटाचे नाममात्र अवशेष उरले आहेत. अशा गावाविषयी इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशात काय लिहावे आणि लिहिलेले काय टिकेल, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

विकिपीडिया हा ज्ञानकोश २००१ साली इंग्रजीत सुरू झाला. मराठी आवृत्ती २००३ पासून आहे. त्यात कोणालाही लिहिता येते. मात्र नोंद ठेवावी की वगळावी, हे संपादन करणारे स्वयंसेवकच चर्चेने ठरवितात. इंग्रजी आवृत्तीत त्यासाठी उल्लेखनीयतेची कसोटी आहे. विषयाशी हितसंबंध नसलेल्या, विश्वसनीय व प्रकाशित साधनांतून त्याचा पुरेसा परामर्श घेतलेला असावा, असे ती सांगते. या कसोटीवाचून जाहिरातबाजीला आवर घालणे कठीण झाले असते, हे मान्य केले पाहिजे. तथापि, जे छापले गेले तेच तिच्या दृष्टीस पडते. आणि काय छापावे हे आजवर सर्वत्र सारख्या न्यायाने ठरलेले नाही.

शिरवळचेच पाहा. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या सातारा गॅझेटिअरमध्ये लेण्यांची दखल आहे, कारण इंग्रज अधिकाऱ्यांना पुराणवास्तूंमध्ये रस होता. जात्यावरच्या ओव्या किंवा यात्रेतील मानपानाचा क्रम यांत तो तितका नव्हता. वाईजवळच्या बावधनचे बगाड वृत्तपत्रांतून गाजते, म्हणून त्यास पुरावा मिळतो. एखाद्या लहान वाडीतील प्रथेस तो कोठून मिळावा? नियमानुसार मराठी वृत्तपत्राचा आधारही चालतो. परंतु देवनागरी न वाचू शकणाऱ्या संपादकाला त्याची पारख कशी होणार?

२०११ साली भारत व दक्षिण आफ्रिका येथे लोकांच्या तोंडची माहिती ध्वनिमुद्रित करून ती संदर्भ म्हणून देण्याचा प्रयोग झाला. तो सर्वमान्य झाला नाही. पडताळणीविषयीचा आक्षेप पोकळ नव्हता, हेही खरे. प्रगत देशांतील व्यक्तीही या कसोटीतून सुटत नाहीत. २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील नोंद त्याच वर्षी, काही महिने आधी, संदर्भांअभावी नाकारली गेली होती.

मराठीला हा प्रश्न नवा नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या पहिल्या प्रस्तावनाखंडास ‘हिंदुस्थान आणि जग’ हे नाव दिले. जगाकडे कोठून पाहावयाचे, हे त्या नावातच आले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोश आकारास आला व १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. तेथे निवड तज्ज्ञांनी केली. हा विश्वकोश आता इंटरनेटवर खुला असल्याने मुक्त ज्ञानकोशात लिहिणाऱ्यासही त्याचा आधार घेता येतो.

गावाने काढलेली यात्रेची स्मरणिका मात्र कसोटीस क्वचितच उतरते, कारण ती गावाचीच असते. बाहेरच्या एखाद्या अभ्यासकाने त्याच स्मरणिकेतील मजकूर आपल्या ग्रंथात घेतला, की तो ग्राह्य होतो.