देव न मानणाऱ्याची कळकळ

देवच मानत नाही, मग दुसऱ्यासाठी झिजायचं कशाला? नास्तिकांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, म्हणजेच ‘गोरा’, पक्के निरीश्वरवादी. १९४० मध्ये त्यांनी मुदुनूर गावात नास्तिक केंद्र काढलं आणि अस्पृश्यतेविरुद्ध सहभोजनं घडवली. १९४४ मध्ये सेवाग्रामला त्यांची गांधीजींशी भेट झाली, मनमोकळी चर्चा सुरू झाली. ब्राह्मण घरातल्या गोरांनी मुलगी मनोरमा हिचं लग्न दलित तरुणाशी ठरवलं (आजही किती घरांत हे जमेल?). विधीत देवाऐवजी सत्याचं नाव घ्यायला आस्तिक गांधीजी राजी झाले. गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, ते लग्न सेवाग्रामलाच लागलं.