घामातले मीठ राखणारे संप्रेरक

अल्डोस्टेरॉन हे स्टेरॉइड संप्रेरक शरीरातले मीठ जपते. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींच्या सर्वांत बाहेरच्या थरात ते तयार होते. संयुक्त अरब अमिरातीत बांधकामावर नव्याने रुजू झालेला मजूर पहिले काही दिवस उन्हाने गळून जातो आणि साधारण दोन आठवड्यांत सरावतो. त्या सरावात या संप्रेरकाचा मोठा वाटा असतो.

त्याचा कच्चा माल कोलेस्टेरॉल. हृदयविकाराच्या धास्तीने बदनाम झालेल्या या पदार्थावाचून शरीरात एकही स्टेरॉइड संप्रेरक बनत नाही. त्याच्या २७ कार्बन अणूंपैकी ६ पेशीच्या तंतुकणिकेत तोडले जातात आणि प्रेग्नेनोलोन उरते. कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन यांचाही उगम तिथेच. पुढे काय बनणार, हे त्या पेशीत कोणती विकरे आहेत यावर ठरते. ही संप्रेरके पेशीपटलातून सहज निसटतात. त्यामुळे त्यांचा साठा होत नाही, गरजेनुसार ती नव्याने बनवावी लागतात.

उन्हात घाम वाहतो, रक्त त्वचेकडे वळते आणि मूत्रपिंडांकडचा प्रवाह घटतो. मूत्रपिंडे रेनिन सोडतात, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते आणि ते अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन बनवायला लावते. मूत्रपिंडाच्या आणि घर्मग्रंथींच्या पेशींत शिरून हे संप्रेरक ग्राही प्रथिनाला चिकटते, केंद्रकात पोहोचते आणि सोडियम परत शोषणाऱ्या प्रथिनांची जनुके कामाला लावते. प्रथिने घडायला वेळ लागतो, म्हणून सरावाला दिवस लागतात. सरावलेल्या माणसाला घाम जास्त येतो, पण तो कमी खारट असतो.

मिशिगन विद्यापीठाचे जेरोम कॉन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाच बदल अभ्यासला. अल्डोस्टेरॉन तेव्हा सापडलेही नव्हते. सिल्व्हिया सिम्पसन, जेम्स टेट आणि सहकाऱ्यांनी ते १९५३ मध्ये वेगळे केले. त्याच्या अतिरेकाने रक्तदाब वाढवणारा विकार कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णिला.

कॉर्टिसॉलही याच ग्राहीला चिकटू शकते आणि रक्तात ते कितीतरी जास्त असते. मूत्रपिंडातले एक विकर त्याला निष्प्रभ करते. ज्येष्ठमध या विकराला अडवते. अरब देशांत रमजानमध्ये ज्येष्ठमधाचे सरबत आवडीने पितात; ते फार झाले तर रक्तदाब चढतो.

थंडाव्यात काही आठवडे काढले की सराव ओसरतो. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घेण्यास बंदी असते. तरीही लांब रजेवरून परतलेल्या जुन्या कामगाराला नवख्याइतकेच जपावे लागते आणि त्याचे उन्हातले तास हळूहळूच वाढवावे लागतात.