उघड्या पत्र्याची घाई

दिवाळी अंकासाठी जुन्या मोटारींवर लिही, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर चकचकीत गाड्यांची रॅली होती. अडकून पडलो ते मुंबईतल्या एका गॅरेजात, रंग खरवडलेल्या प्रीमिअर पद्मिनीच्या दारापाशी.

गाडीची कुंडली सर्वांना ठाऊक आहे. वालचंद हिराचंद यांची प्रीमिअर कंपनी १९४४ची. कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट ११०० पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवरून हद्दपार झाली.

पत्रेकाम करणारे मामा या आठवणींत रमत नाहीत. “रंग उतरला की घड्याळ बघायचं,” एवढंच त्यांचं म्हणणं. मुंबईची हवा खारी आणि दमट. पावसाळ्यात संध्याकाळी लखलखणारा पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो. घामेजलं बोट टेकलं तरी त्याचा ठसा गंजून उठतो, म्हणून मामा हातमोजे घालूनच पत्र्याला हात लावतात. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून झालं की सॉल्व्हंटमध्ये भिजवलेलं फडकं फिरवायचं आणि सॉल्व्हंट उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. उशीर झाला तर विरघळलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं. मग त्याच दिवशी हार्डनर मिसळलेला इपॉक्सी प्रायमर. पोचे बुजवायची लांबी त्याच्यावर. उघड्या पत्र्यावर थेट भरलेली लांबी ओल धरते आणि वर्ष-दोन वर्षांत रंगाला फोड येतात.

खरी परीक्षा खाचाखोचांत असते. तिथल्या गंजावर फॉस्फोरिक आम्ल लावलं की त्याचं फॉस्फेट होतं; पण आम्ल मागे राहिलं तर इपॉक्सी धरत नाही आणि धुवायचं म्हणजे पुन्हा पाणी आलंच. दाराखालच्या पोकळ पट्टीत स्प्रे गन पोचत नाही, तिथे रंगकाम संपल्यावर लांब नळीने मेण फवारावं लागतं. शिवाय मालक रंगाला हौसेने पैसे मोजतो, प्रायमरला घासाघीस करतो. अख्खी गाडी एकदम सोलायला लावतो आणि सुटे भाग मिळेपर्यंत ती महिनोन्महिने उघडी पडून राहते.

तुमच्या दारात अशी गाडी असेल तर एका दिवसात प्रायमर मारून होईल तेवढाच पत्रा उघडा करायला सांगा. आणि प्रायमरच्या दिवशी गॅरेजात स्वतः हजर राहा. रंग निवडायला पुढे भरपूर वेळ आहे.