रक्ताचा कर्करोग: नाव कळल्यावरच औषध

मानखुर्द सोडलं की हार्बरची पनवेल लोकल खाडी ओलांडते, वाशी-बेलापूर करत खारघरला पोचते. तिथे टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये रक्ताच्या कर्करोगांचं निदान करणारी प्रयोगशाळा आहे. ब्लड कॅन्सर झालाय, एवढ्यावर उपचार ठरत नाहीत. त्या एका नावाखाली शंभराहून अधिक वेगवेगळे आजार येतात.

1976 साली फ्रेंच, अमेरिकी आणि ब्रिटिश तज्ज्ञांनी ल्युकेमियाचे प्रकार ठरवले ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात त्यावरून. 2001 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात गुणसूत्रांमधल्या बिघाडांना मानाचं स्थान मिळालं. 2022 मध्ये मात्र दोन वर्गीकरणं आली, संघटनेची पाचवी आवृत्ती आणि तज्ज्ञांच्या दुसऱ्या गटाची. काही रुग्णांचा आजार दोन्हींत वेगळ्या नावाने बसतो. हा दुहेरीपणा लवकर मिटायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

नावाने काय साधतं, हे प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात दिसतं. कमरेच्या हाडातून काढलेला मगज काचपट्टीवर पसरून रंगवला की काही पेशींत लालसर काड्यांच्या जुड्या दिसतात. मुळाशी 15 व्या आणि 17 व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल असते. यात अचानक मेंदूतही रक्तस्राव होतो, म्हणून जनुकीय अहवालाची वाट न पाहता, नुसत्या संशयावरच ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेलं एट्रा सुरू करतात. त्याने अर्धवट राहिलेल्या पेशी पक्व होतात. जोडीला शिरेतून आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपल्याकडे विष म्हणून ठाऊक असलेला सोमल! कमी जोखमीच्या रुग्णांना नेहमीच्या केमोथेरपीची बहुधा गरजही उरत नाही. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग दिसले तर अंगावर काढू नये, ते यासाठीच.

दुसरं साधन फ्लो सायटोमीटर. चमकणाऱ्या रंगांची खूण लावलेल्या पेशी त्यात एकेक करून लेसरसमोरून जातात. पेशीवर सीडी19 हे प्रथिन दिसलं, तर आजार बी-पेशींचा असण्याची शक्यता मोठी. पवईची आयआयटी आणि टाटा यांनी घडवलेल्या, ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झालेल्या नेक्सकार19 उपचाराचं लक्ष्य हेच प्रथिन. उपचारानंतरही हे यंत्र दहा हजारांत उरलेली एखादी कर्कपेशी शोधतं, आणि ती सापडली तर पुढचे उपचार अधिक तीव्र करायचे का, हे डॉक्टर त्यावरून ठरवतात.