आळ कंट्रोलरवर, दोष भलतीकडे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब आडवे केले, आणि कित्येक वाड्या दिवसचे दिवस अंधारात राहिल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. छपरावरचं एक पॅनल आणि कोपऱ्यातली एक बॅटरी अशा वेळी किती मोलाची ठरते, हे रत्नागिरी जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते वेगळंच. ही यंत्रणा बंद पडली की दहापैकी आठ जण म्हणतात, "कंट्रोलर गेला." माझ्या मते याचं कारण तांत्रिक नाही. सगळ्या यंत्रणेत लुकलुकणारे दिवे असलेली तेवढी एकच वस्तू, म्हणून संशय तिच्यावर. बाजारातून नवा कंट्रोलर येतो, आणि चार दिवसांनी तक्रार होती तिथेच.

चार्ज कंट्रोलरचं काम तसं थोडंच. पॅनलची वीज बॅटरीला सोसेल अशा बेताने आत सोडायची, बॅटरी भरली की हात आखडता घ्यायचा, आणि रात्री बॅटरी फार उतरली की दिवे तोडायचे. या कामांतलं कोणतंही त्याने चोख केलं, तरी पाहणाऱ्याला ते बिघाडासारखं दिसू शकतं. भर दुपारी कडक उन्हात चार्जिंगचा आकडा शून्याजवळ दिसतो तो बहुधा बॅटरी भरल्यामुळे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सर्वांत फसवा आकडा पॅनलचा. पॅनलच्या पाठीवर १८ व्होल्ट छापलेले असतात आणि मीटर लावला तर दिसतात १३. "पॅनल उतरलं," असा निकाल लगेच लागतो. पण साधा, म्हणजे पीडब्ल्यूएम पद्धतीचा कंट्रोलर चार्जिंग करताना पॅनलला जवळजवळ थेट बॅटरीशीच जोडतो. त्यामुळे पॅनलचा व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत खाली येतो. तेव्हा १३ दिसणं ही चार्जिंग चालू असल्याची खूण. काळजी उलट आकड्याची करायची. बॅटरी उतरलेली आहे, ऊन लख्ख आहे, पॅनलच्या वायरी कंट्रोलरला जोडलेल्या आहेत आणि तरीही तिथे २० ते २१ व्होल्ट दिसताहेत, तर वीज पुढे सरकतच नाही. मग बॅटरीकडचा फ्यूज आणि वायर आधी बघावी. ती ठीक निघाली, तर मात्र कंट्रोलरवरचा संशय रास्त.

याच्या जोडीचा दुसरा समज असा की वायरी सुट्या करून २१ व्होल्ट आले म्हणजे पॅनल ठणठणीत. मोकळ्या पॅनलचा व्होल्टेज ढगाळ दिवशीही फारसा पडत नाही. पडतो तो प्रवाह. म्हणून पॅनलची परीक्षा करंटने करायची. १०० वॉटच्या, ३६ सेलच्या पॅनलची दोन टोकं मीटरच्या १० अँपिअरच्या खाचेतून एकमेकांना जोडली, तर कडक उन्हात साधारण ५.५ ते ६ अँपिअर दिसायला हवेत. याने पॅनलला काही होत नाही. बॅटरीवर मात्र हा प्रयोग चुकूनही करायचा नाही, आणि मोजून झालं की मीटरची पिन व्होल्टच्या खाचेत परत घालायची. जोडताना-सोडताना ठिणगी उडू नये म्हणून पॅनलवर गोणपाट टाकावं. माडाच्या एका झावळीची सावलीही इथे विचारात घ्यावी लागते. ३६ सेल एकाच माळेत असतात. त्यातला एक भाग सावलीत गेला की पॅनलचा व्होल्टेज निम्म्यावर, म्हणजे बॅटरीच्या खाली येऊ शकतो, आणि मग चार्जिंग थोडंथोडकं नव्हे, जवळपास बंदच होतं.

"कंट्रोलर फुल्ल दाखवतो आणि रात्री आठलाच अंधार." ही तक्रार खरी असते, आरोपी चुकीचा असतो. कंट्रोलर व्होल्टेज मोजतो. बॅटरीत साठा किती मावतो हे त्याला कळत नाही. जुन्या, सल्फेट धरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज सकाळच्या अर्ध्या तासातच १४.४ वर जातो, कंट्रोलर प्रामाणिकपणे "भरली" म्हणतो, आणि दिवा लावताच ती मान टाकते. खरी स्थिती कळायला पहाटे, पॅनलवर ऊन पडायच्या आत, सगळे दिवे बंद ठेवून बॅटरीच्या खुंट्यांवरच मोजावं. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ असेल तर भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली असेल तर तिला चार्जिंगची निकड आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला हे आकडे लागू नाहीत. ती पूर्ण उतरली की तिच्या आतलं संरक्षण तिला तोडून टाकतं आणि मीटरवर शून्य दिसतं. बॅटरीकडून व्होल्टेज मिळाल्याशिवाय बरेच कंट्रोलर जागेच होत नाहीत, म्हणजे इथे दोघंही मेल्यासारखे दिसतात आणि दोघंही जिवंत असतात. योग्य चार्जरने बॅटरी जागी केली की गाडी रुळावर.

रात्री दिवे तोडल्याचा राग धरून कोणीतरी वायर सरळ बॅटरीला जोडतो: "डायरेक्ट मार, कटकट नको." हा सर्वांत महागडा उपाय. कंट्रोलर साधारण ११ व्होल्टच्या आसपास लोड तोडतो, कारण त्याखाली वारंवार गेलेली लेड-ॲसिड बॅटरी परत पूर्वीसारखी होत नाही. तोडलेले दिवे व्होल्टेज चांगला वर आल्यावरच, बहुधा साडेबाराच्या पुढे, पुन्हा लागतात. मधल्या वेळात कंट्रोलर "अडकलाय" असं वाटतं, पण तो वाट बघत असतो.

किनाऱ्यालगत, जयगडपासून पूर्णगडपर्यंत, मी पहिला हात वायरीच्या टोकांना लावीन. खारी हवा तांब्यावर हिरवी बुरशी चढवते आणि खुंट्यांवर पांढरी-निळी भुकटी. चार्जिंग चालू असताना एकदा कंट्रोलरच्या बॅटरी-टर्मिनलवर आणि एकदा प्रत्यक्ष खुंट्यांवर मोजावं. दोन्हींत पाव व्होल्टहून जास्त फरक असेल तर दोष जोडात किंवा बारीक वायरीत. छपरावरून १० मीटर लांब, १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडवायर आणली, तर १० अँपिअरला जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच जिरतात; ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर एकाच्या आत. टोकं घासून, घट्ट आवळून, वर व्हॅसलीन लावलं की निम्म्या "गेलेल्या" यंत्रणा उठून बसतात. बॅटरीत विहिरीचं पाणी मात्र घालू नये, कितीही गोड असलं तरी. फक्त डिस्टिल्ड.

बागायतदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हंगाम संपला, राखणदार गेला, वाऱ्याच्या भीतीने पॅनल उतरवून ठेवलं, आणि बॅटरी-कंट्रोलर तसेच जोडलेले खोपीत राहिले. कंट्रोलर स्वतः काही खात नाही असं वाटतं. पण तो १० मिलीअँपिअर जरी घेत असेल, तरी चार महिन्यांत जवळपास २९ अँपिअर-तास होतात. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा त्यात निकाल लागतो. वर तिची आपोआप उतरण वेगळीच. दिवाळीनंतर खोपी उघडल्यावर दोष पुन्हा कंट्रोलरलाच. जूनमध्ये बॅटरी पूर्ण भरून, वायर सोडून, घरी आणून ठेवायची आणि अधूनमधून चार्ज करायची, एवढंच.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणाऱ्या जिल्ह्यात आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत चार्जिंग घटणार, त्याला इलाज नाही. "एमपीपीटी बसवा, पावसातही चार्ज होईल," हे अर्धंच खरं. एमपीपीटी, म्हणजे साध्याहून वरच्या पद्धतीचा कंट्रोलर, असलेली वीज वाया जाऊ देत नाही, नसलेली निर्माण करत नाही. त्याचा खरा उपयोग मोठ्या पॅनलला. ७२ सेलचं ३३० वॉटचं पॅनल साध्या कंट्रोलरमार्फत १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं, तर हाती लागतात सव्वाशे वॉटही नाहीत. शिवाय त्या पॅनलचा मोकळा व्होल्टेज ४५ च्या वर जातो. लहान कंट्रोलरची सोसण्याची मर्यादा आधी वाचावी.

फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत बसवलेल्या नेहमीच्या, महावितरणच्या लाईनला जोडलेल्या यंत्रणेत बॅटरी नसते, म्हणून हा कंट्रोलरही नसतो. लाईट गेली की तीही बंद होते. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते.

कंट्रोलर खरोखर जातो तेव्हाही तो खुणा देतो. वळवाच्या विजांनंतर, उलटसुलट जोडल्याने किंवा आत मुंग्यांनी घर केल्याने तो जातो. बॅटरी भरलेली आणि फ्यूज शाबूत असून लोडच्या टर्मिनलवर काहीच येत नसेल, तर तो बहुधा गेला. त्याहून वाईट म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज १५ च्या वर चढत राहणं, पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येणं, ॲसिडचा वास सुटणं. फ्लडेड, म्हणजे पाणी घालायच्या बॅटरीला कंट्रोलर कधीकधी मुद्दाम थोडा जास्त व्होल्टेज देतो, पण तो काही तासांपुरता. तो उतरतच नसेल तर आतला स्विच चिकटलेला आहे. लगेच पॅनल झाकून त्याची वायर सोडावी, खिडकी उघडावी आणि काडी पेटवू नये.

नवा बसवताना आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी लोड. काढताना बरोबर उलट. बॅटरी पाहूनच बरेच कंट्रोलर १२ की २४ व्होल्ट ते ठरवतात. आधी पॅनल जोडलं तर तो चुकीचा अंदाज बांधतो, किंवा जागीच जळतो. जोडणी झाली की मेनूत जाऊन बॅटरीचा प्रकार निवडायचा.