नकाशातलं शहर, रस्त्यावरचं शहर

१९८९ साली आलेल्या ‘सिमसिटी’त वीज होती, रेल्वे होती, पोलीस चौकी, अग्निशमन केंद्र, बंदर, विमानतळ, स्टेडियम, इतकंच काय अणुवीज केंद्रही होतं. नळाचं पाणी मात्र नव्हतं. विजेची तार वस्तीपर्यंत नेली की घरं उभी राहू लागायची. जलवाहिन्या आणि पंप पुढच्या ‘सिमसिटी २०००’मध्ये आले. उन्हाळा लागला की टँकरचा हिशोब करणाऱ्या आपल्या मुलखात हा खेळ खेळणाऱ्याला ही उणीव खुपतेच. शहर चालवण्याच्या खेळात काय मोजायचं आणि काय वगळायचं, हे कोण ठरवतं? मला या खेळांची गोडी लागली ती या प्रश्नापायी.

‘सिमसिटी’चा कर्ता विल राइट. १९८४च्या त्याच्या ‘रेड ऑन बंगेलिंग बे’ या खेळात हेलिकॉप्टरमधून बेटांवर बॉम्ब टाकायचे असत. ती बेटं रचण्यासाठी त्याने एक साधन तयार केलं होतं. खेळ संपला तरी त्या साधनाने रस्ते आणि इमारती मांडत बसणं त्याला बॉम्बफेकीपेक्षा जास्त आवडलं. यातून शहराचा खेळ सुचला. पण ज्यात शेवटी कोणी जिंकत नाही की हरत नाही, असा खेळ विकायचा कसा, हे प्रकाशकांना कळेना. अखेर राइट आणि जेफ ब्राउन यांनी १९८७मध्ये ‘मॅक्सिस’ ही स्वतःची कंपनी काढली.

शहर आतून कसं चालतं, हे शोधताना राइटच्या हाती जे फॉरेस्टर यांचं ‘अर्बन डायनॅमिक्स’ हे १९६९चं पुस्तक आलं. फॉरेस्टर एमआयटीतले विद्युत अभियंते. संगणकाच्या चुंबकीय स्मृतीवरचं त्यांचं काम गाजलेलं. बॉस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्याशी झालेल्या चर्चांतून त्यांनी घरं, उद्योग आणि रोजगार यांची समीकरणं मांडली. त्यातून निघालेला निष्कर्ष कठोर होता: गरिबांसाठी स्वस्त घरं बांधली की शहराची घसरण वाढते, त्याऐवजी पडकी घरं पाडून उद्योगांना जागा द्यावी. त्यावर टीकाही तेवढीच झाली. भोवतालची उपनगरं त्या समीकरणांत धरलेलीच नाहीत, हा त्यातला मोठा आक्षेप. ‘सिमसिटी’ म्हणजे या पुस्तकाची नक्कल नव्हे. पण शहर म्हणजे एकमेकांना ओढणाऱ्या काही आकड्यांची यंत्रणा, आणि महापौर तिच्याकडे वरून पाहणारा, ही नजर मात्र तिथूनच आली.

त्या नजरेला अमेरिकी शहराची सवय होती. खेळात निवासी, व्यापारी आणि औद्योगिक असे तीन प्रकारचे भूखंड वेगवेगळे आखायचे. एकाच भूखंडावर दुकान आणि घर एकत्र येऊ शकत नाही. पुण्यातल्या पेठा, गिरगाव, कोल्हापूरची महाद्वार रोडची बाजू, म्हणजे खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेली आपली सगळी जुनी वस्ती त्या नकाशात मांडताच येत नाही. रेल्वेचीही तीच गोष्ट. रस्त्यावर गाड्या तुंबतात, पण रुळांवर कितीही माणसं लोटली तरी कोंडी होत नाही. म्हणून तरबेज खेळाडू रस्ता टाळून नुसत्या रुळांची शहरं वसवत. सकाळची विरार लोकल ठाऊक असलेल्या माणसाला हे गणित पटणं अवघडच.

तरीही या गणिताची छाप मोठी होती. १९९०मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात महापौरपदाच्या पाच उमेदवारांना तिथल्या वृत्तपत्राने ‘सिमसिटी’ खेळायला बसवलं. त्यात सर्वांत सरस ठरलेले बडी सियान्सी निवडणूकही जिंकले. मला हा प्रसंग धोक्याचा वाटतो. एखादा उमेदवार सूत्र किती चांगलं ओळखतो, एवढंच त्यातून कळतं.

राज्यकारभाराचा खेळ ही कल्पना मात्र राइटपेक्षा बरीच जुनी. १९६४मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या मेबल अॅडिस या शाळाशिक्षिकेने ‘द सुमेरियन गेम’ लिहिला. धान्य खायला किती, पेरायला किती आणि कोठारात किती, हे प्राचीन लगाश नगरीचा राजा होऊन मुलांनी ठरवायचं. यंत्र उत्तर कागदावर छापून देई.

माझा सगळ्यात आवडता खेळ मात्र १९९८चा ‘सीझर ३’. इम्प्रेशन्स गेम्सने केलेल्या या खेळात रोमन नगर वसवायचं असतं. इथे सोयी रस्त्यावरून चालत येतात. बाजारातली बाई कोठारातून धान्य आणते, टोपल्या घेतलेली पोरं तिच्या मागे. दुसरी बाई ते दारोदार वाटत फिरते. आग विझवणारा शिपाई, इमारती तपासणारा अभियंता, वैद्य, पुजारी, सगळे पायीच. ज्या घरावरून ती माणसं जातात तेच घर सुधारतं. विहीर मिळाली की तंबू मोठा होतो, बाजारातलं अन्न आलं की त्याची झोपडी होते. त्यापुढे जायला आधी देऊळ लागतं आणि मग कारंज्याचं पाणी. कारंज्यासाठी हौद, हौदासाठी नदीपासून कमानींवरून आणलेला पाट. पाण्याची ही साखळी ‘सिमसिटी’त नव्हती, इथे सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

या चालणाऱ्यांची एक खोड आहे. चौकात आलं की ती कुठेही वळतात. बाजारवाली ओसाड बाजूला वळली तर इकडची चाळीस घरं उपाशी राहतात आणि बघता बघता पुन्हा तंबूत येतात. म्हणून अनुभवी खेळाडू चौक कमी ठेवतो, लांब वळसा देणारे रस्ते आखतो. लोक या प्रकाराला वैतागतात. मला तोच खेळाचा प्राण वाटतो. नकाशावर दवाखाना दाखवणं आणि दारात वैद्य पोहोचणं यातलं अंतर इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या खेळाने दाखवलेलं मला माहीत नाही.

दुसरं सूत्र याहून धारदार आहे. घर वाढत वाढत हवेली झालं की त्यातले लोक काम करणं सोडतात. कर भरपूर येतो, पण शेतं, कारखाने आणि आग विझवणारी ठाणी ओस पडू लागतात. मग हवेल्यांसाठी वेगळी पेठ काढायची आणि साध्या घरांची मोठी वस्ती मुद्दाम साधीच ठेवायची. हे मी प्रत्येक वेळी करतो आणि प्रत्येक वेळी मनाला लागतं, कारण ती वस्ती अडवून धरणारा मीच असतो.

१९९९च्या ‘फॅरो’त याच कर्त्यांनी नाईलचा पूर आणला. पूर ओसरल्यावर शेती, शेतं पाण्याखाली असताना तेच मजूर पिरॅमिडवर. शिवाय चौकातल्या भटक्यांना अडवणारे रस्त्यावरचे अडसरही आले, आणि खेळाडूंनी सुटकेचा श्वास सोडला.

हे खेळ आज जुन्या डिस्कवर कुजलेले नाहीत. २००८मध्ये मूळ ‘सिमसिटी’चा कोड ‘मायक्रोपोलिस’ या नावाने खुला झाला. ‘सीझर ३’ तर चाहत्यांनी ‘ज्युलियस’ नावाने नव्याने लिहून काढला. त्यातून निघालेल्या ‘ऑगस्टस’मध्ये ते अडसरही घातले आहेत. म्हणजे सूत्र आता कोणालाही उघडून पाहता येतं, बदलता येतं. नगररचना शिकणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी ‘मायक्रोपोलिस’मध्ये खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेला भूखंड घालून पाहावा. गर्दी वाढेल तशा उशिरा धावणाऱ्या आगगाड्या घालाव्यात, नळ घालावेत. मग त्या शहरात रहदारी, भाडं आणि जमिनीचा भाव कुठे जातात, ते मला बघायचं आहे.